तापीकाठची गळकी होडी

बेळगावहून सुरतेला निघालो म्हटले की आमच्या गल्लीत दोनच प्रश्न विचारतात. साड्यांची खरेदी आहे, की कुणाचे लग्न? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी निघालो तेव्हा दोन्हीही नव्हते. ताईचा फोन आला होता.

"चार दिवस ये की रे. तुझ्या दाजींना तू तरी सांग. माझं काही ऐकत नाहीत."

माझे दाजी मूळचे खानापूर तालुक्यातले. आय.टी.आय. करून वेल्डर झाले आणि चाळीस वर्षांपूर्वी सुरतेला गेले. हजिऱ्याकडच्या एका गोदीत जहाजांच्या तळाला पत्रे जोडण्यात आणि तपासण्यात त्यांची नोकरी संपली. आता वय चौसष्ट. त्यांच्या हृदयाची एक झडप आकसली आहे, औषधाने ती उघडणार नाही, बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितले होते. दाजींनी तो कागद फायलीत घातला, फाईल कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात. ताईने फोनवर सांगितले ते एवढेच.

माझी पत्नी धारवाडकडची. निघताना ती म्हणाली, "तुम्ही कॉलेजात शिकवता तसं तिथे शिकवू नका. ऐकून घ्या." हा सल्ला मी डब्याबरोबर बांधून घेतला.

ताईचे घर कतारगाममध्ये. सुरत स्टेशनच्या उत्तरेला, तापीच्या डाव्या अंगाला हा भाग आहे. जुन्या शहराच्या तटाला जे दरवाजे होते त्यांतल्या एकाचे नावच कतारगाम दरवाजा. म्हणजे एके काळी हे वेशीबाहेरचे गाव. आज तिथे गाव शोधावे लागते. हिऱ्याचे कारखाने, जरीकामाची यंत्रे, औद्योगिक वसाहत आणि एकाला एक चिकटलेल्या सोसायट्या. एकेका इमारतीत शेकडो माणसे घंटीवर वाकून हिऱ्याला पैलू पाडत बसलेली असतात. पण गावाचे नाव सुरतेच्या जिभेवर टिकले आहे ते हिऱ्यामुळे नव्हे, पापडीमुळे. थंडी पडली की उंधियूत जी कोवळी पापडी घालतात ती कतारगामची असली तर सुरतकर गृहिणी भाजीवाल्याशी घासाघीस करत नाही, असे ताई सांगते. आता पापडीची शेते मागे हटली, नाव तेवढे राहिले.

मी पोचलो तेव्हा कतारगाम ओळखू येत नव्हते. रस्ते रिकामे, दुकाने निम्मी बंद. दिवाळी आली की हिरे कारागिरांची मोठी संख्या सौराष्ट्रातल्या आपापल्या गावी जाते. खास एस.टी. गाड्या सुटतात आणि दोन-तीन आठवडे हा भाग शांत होतो. अशा शांततेत ताईच्या घराचा जिना चढताना मला दाजींच्या श्वासाचा आवाज आला. ते मला घ्यायला खाली आले होते आणि आता माझ्या मागून वर येत होते. पहिल्या वळणावर थांबले. "तू हो पुढे. मला जरा चप्पल नीट करायची आहे," म्हणाले. चप्पल नीटच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला नदीवर घेऊन गेले. रिक्षाने. पूर्वी हे अंतर ते चालत जायचे.

कतारगामला लागून सिंगणपोर आहे आणि तिथून पलीकडच्या रांदेरपर्यंत तापीवर बंधारा आहे. त्याच्या माथ्यावरून रस्ता जातो, म्हणून सुरतकर त्याला 'कोझवे' म्हणतात. पावसाळ्यात पाणी 6 मीटरच्या खुणेला पोचले की रस्ता बंद करतात. 1990च्या दशकात हा बांधला गेला. समुद्राच्या भरतीचे खारे पाणी वर चढू नये आणि शहराला पिण्यासाठी गोडे पाणी साठावे, हा हेतू. कतारगामचे जलशुद्धीकरण केंद्र त्याच साठ्यावर पाणी उचलते. बंधाऱ्याच्या खाली नदी अजून समुद्राची आहे, दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. वर ती तळ्यासारखी स्थिर, आणि जागोजागी जलपर्णीचा हिरवा गालिचा.

हा फरक मला आधी नुसता भूगोल वाटला. दाजींनी त्यातली गोम दाखवली. "बंधाऱ्याखालच्या होडीवाल्याला गोदी फुकट आहे. भरतीला होडी काठाशी आणायची, ओहोटीला ती आपसूक चिखलावर बसते. पाच-सहा तास मिळतात. तेवढ्यात तळ घासा, फट बुजवा, पुन्हा भरती येऊन होडी उचलते. वरच्या होडीवाल्याची ओहोटीच गेली. त्याला दोनच वाटा. एक तर पाण्यात असतानाच दुरुस्ती करायची, नाही तर दहा माणसं जमवून होडी ओढून काढायची."

असा एक वरचा होडीवाला समोरच बसला होता. दाजींच्या ओळखीचा, साठीचा, अंगात बनियन. सगळे त्याला काका म्हणत होते. होडी लाकडी फळ्यांची, वीसेक फूट लांब. काका आणि त्याचा मुलगा तिच्यावरून मासे धरतात. 2006च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला, तेव्हा याच होडीने सोसायट्यांच्या पहिल्या मजल्यावरून माणसे उतरवली, असे काकाने मला सांगितले. सांगता सांगता तो एका पत्र्याच्या डब्याने होडीतले पाणी उपसत होता.

होडी गळत होती. मागच्या बाजूला, अगदी तळाशी. काकाचे म्हणणे होते, "पाणीमां ज पती जशे." पाण्यातच काम भागेल. आतून कापूस ठासायचा, वर राळेचा लपका, झाले. त्याची कारणेही खोटी नव्हती. ओढायला माणसे नाहीत, सगळा कतारगाम गावी गेलेला. मासेमारीचे दिवस, एक दिवस बुडाला तरी चूल अडते. आणि तिसरे कारण तर मला नवीनच होते. लाकडी होडी फार दिवस पाण्याबाहेर राहिली की फळ्या वाळतात, आकसतात आणि ज्या फटी गळत नव्हत्या त्याही गळू लागतात. म्हणजे बाहेर काढणे हाही उपाय बिनधोक नाही.

दाजी काठावरच्या दगडावर बसले. त्यांनी होडीकडे पाहिलेही नाही. पहिला प्रश्न विचारला, "तासाला किती डबे?"

"त्रीस," काका म्हणाला. तीस.

"गेल्या आठवड्यात?"

काकाने मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "बार-पंदर."

दाजी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "किती गळतं याला फारसा अर्थ नाही. लाकडी होडी थोडी गळायचीच. कालच्यापेक्षा आज किती जास्त, हे बघायचं."

मी मराठी विषयाचा माणूस. परत आल्यावर भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारले तेव्हा त्याने फळ्यावर हिशेब मांडून दिला. पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर पाच सेंटिमीटर व्यासाचे भोक असेल तर मिनिटाला सुमारे 300 लिटर पाणी आत येते. भोक तेवढेच, पण खोली पाव मीटर असेल तर निम्मे. म्हणून भोकाच्या आकाराइतकीच त्याची जागा महत्त्वाची. पातळीच्या जवळचे भोक असेल तर होडीतले ओझे दुसऱ्या बाजूला सरकवून ती कलती करता येते. भोक पाण्याबाहेर येते, कोरडे करून बुजवता येते. ही दुरुस्ती पाण्यातच करावी, त्यासाठी होडी ओढणे हा वेडेपणा, असे दाजींचेही मत. त्यांनी वाळूची पोती एका अंगाला रचायला लावून तेही करून पाहिले. होडी कलली, पण गळती मधल्या कण्याच्या अगदी शेजारी होती. ती काही वर आली नाही.

मग मुद्दा आला ठिगळाचा. काका आतून कापूस ठासणार होता. दाजींनी एक साधी गोष्ट सांगितली, जी मी आता वर्गातही सांगतो. बाहेरून लावलेले ठिगळ पाणीच दाबून धरते. आतून लावलेले ठिगळ पाणीच उचकटून काढते. बाहेरून लावायचे तर पाण्याखाली शिरून लावावे लागते, आणि तिथे हाताला नीट दिसत नाही, लाकूड ओले असते, काही धरत नाही.

लोखंडी जहाजाची तऱ्हाही वेगळी नाही. पाण्याखाली वेल्डिंग करता येते, पाणबुडे ते करतात. पण भोवतालच्या पाण्याने सांधा झटकन थंड होतो, त्यामुळे तो ठिसूळ होण्याची, त्याला चिरा जाण्याची भीती राहते. समुद्रात तळ फुटला तर खलाशी आतून लाकडाची खुंटी आणि कापड ठोकतात, त्याभोवती फळ्यांची पेटी उभारून सिमेंट ओततात. "सिमेंटची पेटी मी कितीतरी फोडल्या आहेत," दाजी म्हणाले. "जहाज अशी पेटी घेऊन गोदीत यायचं. कप्तान म्हणायचा, चांगली आहे, राहू द्या. पण ती पेटी गोदीपर्यंत पोचण्यासाठी असते. तिच्यावर संसार करायचा नसतो."

त्या दुपारी मी त्यांना कॅप्टन कुकची हकीगत सांगितली. 1770च्या जून महिन्यात त्याचे 'एंडेव्हर' जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले आणि तळ फुटला. खलाशांनी एका शिडाला दोरखंडाच्या चिंध्या, लोकर आणि शेण थापून ते शीड जहाजाखालून ओढून घेतले. पाण्याने ते भोकावर दाबून धरले आणि गळती इतकी कमी झाली की एका पंपावर भागू लागले. तरतं असताना केलेली याहून चांगली दुरुस्ती इतिहासात क्वचित सापडेल. पण कुकने तेवढ्यावर इंग्लंडचा रस्ता धरला नाही. त्याने नदीचे मुख शोधले, जहाज काठावर चढवले आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ तिथे राहिला. तळ पाहिला तेव्हा कळले की प्रवाळाचा एक मोठा तुकडाच भोकात अडकून बसला होता, म्हणून ते वाचले. पुढे बटाव्हियाच्या गोदीत जहाज नीट उघडे पडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तळाच्या काही फळ्या झिजून जेमतेम तीन मिलिमीटर उरल्या होत्या. त्या जाडीवर ही माणसे महासागरात फिरत होती.

दाजींनी हे लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाले, "हे सगळं खरं. पण गोदीतही जहाज कलंडतं, हे तुला ठाऊक आहे का? डिसेंबर 2016, मुंबई. आयएनएस बेतवा. नौदलाची युद्धनौका. गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली. दोन नौसैनिक गेले. समुद्रात इतकी वर्षं काही झालं नाही आणि गोदीत झालं."

ते हे होडीबद्दल बोलत नव्हते, हे मला उशिरा कळले.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. दूरवर कुणीतरी उरलेले फटाके वाजवत होते. मी पत्नीचा सल्ला विसरून शिकवायला लागलो. व्हिएन्नाचा एक तत्त्वज्ञ होता, ओटो न्यूराथ. त्याचे म्हणणे, माणसाचे ज्ञान म्हणजे समुद्रावरचे जहाज. गोदीत नेऊन ते पाडून नव्याने बांधायची सोय नाही. चालत्या जहाजावर उभे राहूनच एकेक फळी बदलायची. मी म्हटले, आपल्या सीमाभागातल्या घरांचे असेच आहे. आजी कानडीत रागावते, आई मराठीत समजूत घालते, मुले शाळेत इंग्रजी शिकतात. घर थांबवून भाषेची दुरुस्ती कोण करणार? चालता चालताच जे काय ते.

दाजी हसले. "तुझा तो तत्त्वज्ञ बरोबर आहे. पण ते समुद्रात होते. काठ दिसत नव्हता. दिसत असता तर काय केलं असतं त्यांनी?"

मला उत्तर सुचले नाही. बरेच झाले, कारण माझ्या गप्प बसण्यामुळे तेच पुढे बोलले. "हृदय थांबवतात म्हणे. यंत्रावर घालतात. बायपास पुष्कळदा धडधडत्या हृदयावरही करतात, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, माझंही तसंच करा. ते म्हणाले, तुमच्या झडपेचं काम तसं होणार नाही. म्हणजे गोदी. तीस वर्षं मी दुसऱ्यांची जहाजं गोदीत घेतली रे. पाणी उपसून टाकल्यावर जहाज नुसत्या ठोकळ्यांवर उभं असतं. ठोकळे नीट लागले नाहीत तर काय होतं ते मला कुणी सांगायला नको."

ताई जिन्याच्या दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण कतारगामच्या काठावर बसून हे आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईची जहाजबांधणी ज्या माणसापासून मोठी झाली, त्या लवजी नसरवानजी वाडियांचे मूळ गाव सुरतेजवळचे सिगनपूर असे चरित्रांत दिलेले आहे. कतारगामशेजारचे सिंगणपोर पाहताना ते नाव ओठांवर येतेच. 1736 साली ईस्ट इंडिया कंपनीने या पारशी सुताराला सुरतेहून मुंबईला नेले. तोवर मुंबईत मोठ्या जहाजाचा तळ दुरुस्त करायचा म्हणजे भरतीला ते चिखलावर आणून ओहोटीची वाट पाहायची, नाही तर एका अंगावर आडवे करायचे. 1750 साली तिथे कोरडी गोदी तयार झाली. दार बंद करून पाणी काढून टाकायचे आणि जहाजाच्या पोटाखाली उभे राहून काम करायचे. आपल्या बाजूलाही हे शहाणपण होते. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात कोरलेली मराठ्यांची गोदी आजही पाहता येते. वाडियांनी मुंबईत मलबारच्या सागाचे बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज 1817 साली पाण्यात उतरले, आणि ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षांवर ते टिकले याचे श्रेय सागाला आहेच, पण वेळोवेळी ज्यांनी ते पाण्याबाहेर काढून दुरुस्त केले त्यांनाही आहे. आजची मालवाहू जहाजे तर नियमानेच पाच वर्षांत दोनदा तळाची तपासणी करून घेतात. गळती लागली असो वा नसो. आणि आमच्या वाचकांनी कारवारची सहल काढली असेलच. तिथल्या नौदलाच्या तळावर दहा हजार टनांपर्यंतचे जहाज उचलून जमिनीवर आणणारी यंत्रणा आहे. एवढा खटाटोप माणूस उगाच करत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा नदीवर गेलो. काकाचा मुलगा चिंतेत होता. तीसचे चाळीस डबे झाले होते. रात्री दोनदा उठून पाणी उपसावे लागले होते. दाजींनी या वेळी चप्पल काढली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि होडीत उतरले. खिशातून एक जाड दाभण काढले. गळतीच्या जागी टोचले. दाभण अडकले, लाकूड कडक होते. मग ते वीतभर पुढे सरकले. तिथेही कडक. आणखी वीतभर. तिथे दाभण लोण्यात जावे तसे आत गेले, दोन बोटे खोल.

काकाने ते पाहिले. दाजींनी काही सांगायची गरज राहिली नाही.

"पाणी जिथं दिसतं तिथून ते येतंच असं नाही," दाजी वर आल्यावर मला म्हणाले. श्वास लागला होता, म्हणून वाक्य दोन तुकड्यांत आले. "फळीच्या मागून वाहत येतं. हा भोकात कापूस ठासत बसला असता. शेजारची फळी गेली असती. नदीच्या मध्यावर."

माणसांचा प्रश्न छठपूजेने सोडवला. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी बिहार आणि उत्तर प्रदेशातले लोक सूर्याला अर्घ्य देतात, आणि सुरतेत त्यांची वस्ती मोठी असल्याने तापीचा काठ त्या दिवशी फुलून जातो. घाट साफ करायला आलेली दहा-बारा तरुण मुले शेजारीच काम करत होती. काकाने गुजरातीत हाक मारली, दाजींनी हिंदीत समजावले, मी मराठीत "जोर लगाके" ओरडलो. गोल ओंडके आडवे टाकले, त्यावरून होडी इंच इंच वर आली. जलपर्णीच्या मुळ्या तळाला लोंबत होत्या. ताईने घरून चहाची किटली पाठवली होती, ती त्या मुलांनी दोन मिनिटांत संपवली. बेळगावच्या बाजारात असतो तसाच भाषांचा गोंधळ होता आणि तसेच काम झाले.

होडी उलटी केली. दाजी हातोडीने फळ्या वाजवत गेले. चांगले लाकूड टणटण बोलते, कुजके भदभद. जुन्या लोखंडी खिळ्यांभोवती लाकूड काळे पडले होते. खिळा गंजला की भोवतालचे लाकूडही खातो. दीड फळी काढावीच लागणार होती. सुतार दिवाळीनंतर येणार. तोवर बाकीच्या फळ्या वाळू नयेत म्हणून होडीवर गोणपाट टाकून ते सकाळ-संध्याकाळ भिजवायचे, असे ठरले. काकाच्या तिसऱ्या कारणाला हे उत्तर होते. बाहेर काढण्यात धोका असतो, आणि त्या धोक्यावरही इलाज असतो.

आमच्याकडे कानडीत होडी म्हणजे दोणी. मराठीत डोणी म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी कुंडी. एकीत पाणी बाहेर ठेवायचे, दुसरीत आत. हे मी दाजींना सांगितले आणि शिशुनाळ शरीफसाहेबांच्या गळक्या माळवदाच्या पदाची आठवण काढली, जे माझी पत्नी पावसाळ्यात हमखास गुणगुणते. दाजींनाही ते खानापूरच्या भजनांतून ठाऊक होते. "गळतंय हे घरातल्या सगळ्यांना कळतं," ते म्हणाले. "चढायला कुणी तयार नसतं."

आम्ही रिक्षाने परतलो. जिन्याखाली मी थांबलो. शिकवायचे नाही, ऐकायचे, हे मी मनाशी घोकले होते. पण विचारण्याला बंदी नव्हती.

"दाजी, किती पायऱ्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रश्न कुठून आला हे त्यांना लगेच कळले. बराच वेळ ते कठड्यावर हात ठेवून उभे राहिले.

"आता आठ," म्हणाले.

"गेल्या दिवाळीत?"

"दोन मजले चढत होतो."

मी पुढे काही बोललो नाही. आठ पायऱ्या चढून ते थांबले, मीही थांबलो. या वेळी त्यांनी चपलेचे नाव काढले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर ती फाईल होती. कपाटाची किल्ली तिच्यावरच ठेवलेली. दाजी म्हणाले, "यातलं इंग्रजी मला वाचून दाखव. सगळं. गाळू नकोस." मी वाचले. जिथे धोके लिहिले होते तेही वाचले. ते मध्ये मध्ये विचारत होते, जसे गोदीत जहाज घेण्याआधी विचारत असतील. किती वेळ लागेल, यंत्रावर किती तास, शस्त्रक्रियेनंतर किती दिवस दवाखान्यात, अशी कामे तिथे नेहमी होतात का. काही प्रश्नांची उत्तरे कागदात नव्हती. ती डॉक्टरांना विचारायची म्हणून त्यांनी जुन्या वेल्डरच्या सुबक अक्षरात एका वहीत उतरवली. ताई ओट्याशी पाठमोरी उभी राहून पोळ्या लाटत होती. तिने त्या दिवशी गरजेपेक्षा दुप्पट पोळ्या केल्या.

शस्त्रक्रिया डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. ते दहा-बारा दिवस आमच्या घरात फोन वाजला की माझ्या हातातली वस्तू खाली राहायची. पत्नीने सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता, आईने घरच्या खंडोबाला. कुणी कुणाला सांगितले नव्हते, नंतर कळले.

संक्रांतीच्या सुमारास दाजींनी स्वतः फोन केला. आवाज अजून हलका होता. ताईने कतारगामची पापडी घालून उंधियू केला आहे, पण त्यांच्या ताटात तेल काढून टाकलेली पळीभर भाजीच वाढली, ही तक्रार आधी झाली. मग मी विचारले, "आता किती?"

"एक मजला. न थांबता. घाई करायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"आणि काकाची होडी?"

"पाण्यात आहे. काल त्याचा मुलगा येऊन सांगून गेला. तासाला एक डबा."

"म्हणजे अजून गळते?"

"एवढं तर लाकडी होडीला चालायचंच," दाजी म्हणाले, आणि ताईने फोन घेऊन त्यांना झोपायला पाठवले.